म मेला त्या साली

१० नोव्हेंबर, सोमवार

आक्का आज पण नीट जेवली नाही. अर्धी भाकरी, वरण तसंच ताटात. म्हणे, "मला दिसंना मी काय खायलेय ते. मग कशाला खाऊ?" मी म्हटलं, "दिसायचं तेव्हा तरी कुठं माझ्या भाजीचं कौतुक केलंत?" पूर्वीची आक्का असती तर म्हणाली असती, भाजी कौतुकासारखी कर की मग. आज भिंतीकडं तोंड करून पडली.

नणंद असून मला कधी नणंदेचा जाच झाला नाही. उलट माझ्या बाजूनं भावाशी भांडायची. ती गप्प झाल्यापासून घर खायला उठलंय.

शुगरनं डोळे नेले. उजवा पार गेला, डाव्यात नुसता उजेड. परभणीचे डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं वेळेवर घ्या, डावा थोडाफार वाचेल, समोरचं माणूस ओळखण्याइतका. एक घेऊन आली. पुढच्याला जायला तयार नाही. "बघण्यासारखं काय राहिलंय?" ह्यांनी हात जोडले. नाही म्हणजे नाही.

१३ नोव्हें., गुरु.

आक्काची जुनी पर्स झटकली तर पेन ड्राईव्ह निघाला. विचारलं तर म्हणाली, "जाळून टाक."

रानातून आल्यावर ह्यांना विचारलं. म्हणाले, "तिच्या गोष्टी असतील. सेलूच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिका टाइप करायची ना, तवा काम नसलं की लिहायची."

गोष्टी! आक्का गोष्टी लिहायची! ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, आणि मला आज कळायलंय. "तुमी कधी बोलला न्हाईत!" तर म्हणाले, "तू कधी इचारलं न्हाईस." आणि खुशाल हातपाय धुवायला गेले. ह्या माणसाशी संसार करायचा म्हणजे एकेक गोष्ट चिमट्यानं काढावी लागते.

१४ नोव्हें., शुक्र.

मी शिकवते तो कंप्युटर क्लास सुटल्यावर तिथल्याच कंप्युटरला ड्राईव्ह लावला. दोन फोल्डर. एकात लग्नपत्रिका, दुसऱ्याला नुसतं "नंदा". तिचं नाव. फाईल उघडली तर सगळा इंग्रजी कचरा. डी एस ओ, कॅपिटल जी. तेव्हाचा तो जुना फॉन्ट आता कुठल्या कंप्युटरला नसतो. शोधून उतरवून घेतला, लावला, आणि अक्षरं मराठी झाली!

एकच ओळ वाचली आणि फाईल बंद केली. चोरी केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन सांगितलं, आक्का, मी वाचून दाखवते. अशी उसळली! "खबरदार वाचशील तर! माझ्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून न्हाई ऐकायच्या मला. आन् तू पण न्हाई वाचायच्या. पुऱ्या झालेल्या न्हाईत त्या."

कितीतरी दिवसांनी इतकी वाक्यं बोलली. रागानं का असेना, बोलली. लय बरं वाटलं.

१६ नोव्हें., रवि.

दुसऱ्याच्या तोंडून नको म्हणते ना. मग फोनच्या तोंडून ऐकंल की. फोनमधली बाई वाचून दाखवते सगळं, आंधळ्या माणसांसाठीच असते ती. स्वतः ऐकायचं, कानात घालून, मधे कोणी नाही.

त्या बाईला एक पत्रिका वाचायला दिली. तर काय, "डी. के. जे. एस..." इंग्रजीची एबीसीडी म्हणायलीय आपली! बाईची चूक नाही. फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा. आत इंग्रजी डी आहे, वरून क चं सोंग घेतलंय. माणसाचा डोळा फसतो. बाईला डोळे नाहीत, म्हणून ती फसत नाही.

आता माझी गंमत. क्लासमधे मी दर बॅचला ऑर्ड आणि सीएचआर शिकवते. ऑर्डला अक्षर द्यायचं, तो नंबर देतो. सीएचआरला नंबर द्यायचा, तो अक्षर देतो. पोरी विचारतात, मॅडम, ह्याचा उपयोग काय? मी म्हणायचे, परीक्षेत येतं. लाज वाटायलीय आज. उपयोग इथं आहे, माझ्याच घरात, भिंतीकडं तोंड करून पडलेला.

जुना डी म्हणजे १००. खरा मराठी क म्हणजे २३२५. शंभर दिसला की तिथं तेवीसशे पंचवीस ठेवायचा. असं प्रत्येक अक्षराचं. किती अवघड असणारे?

२१ नोव्हें., शुक्र.

लय अवघड आहे.

गोष्टी वाचायच्या नाहीत, शब्द दिलाय. म्हणून घरी, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, पत्रिकांवर प्रयोग चाललाय. अक्षरं बदलायचा प्रोग्राम लिहून चालवला, "चि. सौ. कां." मधल्या "चि" चं झालं "िच". वेलांटी आधी, च नंतर. कारण कागदावर वेलांटी डावीकडं दिसते, म्हणून टाइप करणारी बाई आधी वेलांटीच दाबणार. कागद छापायचा होता, बाकी काय करायचंय! पण खऱ्या मराठीत आधी च, मग वेलांटी.

ते नीट केलं. तर शुभविवाहाचा श फुटला. जुन्या फॉन्टात पुरा श नाहीच, अर्धा श आणि काना मिळून श. माझा प्रोग्राम अर्ध्याला वेगळा आणि कान्याला वेगळा करायलाय.

बेजार झाले. आता बस.

२३ नोव्हें., रवि.

नेटवर सवाल टाकला होता, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. उत्तर आलं! कोण कुठला माणूस, धड नाव पण नाही, पण बसून समजावून सांगितलं. मोठा तुकडा आधी शोध, बारका नंतर. अर्धा श आणि काना असे जोडीनं दिसले तर आधी त्यांचा श कर, मग सुट्ट्या कान्याकडं बघ.

केलं. "शुभविवाह" आला! अख्खा! मी ओरडलेच. हे म्हणाले, "कुणाचं ठरलं?"

त्या परक्या माणसाला काय फायदा होता? काही नाही. देव त्याचं भलं करो. लिहून ठेवायलेय, कारण वाईट लोकांचं आपण महिनाभर घोकतो आणि अशांना त्याच दिवशी विसरतो.

२८ नोव्हें., शुक्र.

युक्ती केली. आक्काच्या खाटेजवळ फोन ठेवला, एक जुनी पत्रिका लावून दिली, आणि मी भांडी घासायला बसले. फोनमधली बाई सुरू झाली. "आमच्या येथे श्रीकृपेकरून..." मामाकडील मंडळी, काकाकडील मंडळी, सगळ्यांची नावं. बाईचा सूर असा की लग्न नाही, रेल्वेची घोषणा आहे.

आक्का पडलेलीच. मला वाटलं झोपली. मग हळूच आवाज आला, "ही पिंपळगावच्या देशमुखाची. आत्याचं नाव खाली टाकलं म्हणून परत छापून घेतली मेल्यानं."

मी हातातलं पातेलं तसंच धरून बसले.

"रेखा, ही बाई कोन हाय?"

"फोनमधली. तुमचं टाइपिंग वाचायलीय."

"माझं? त्या फॉन्टातलं?" उठून बसली. "कसं काय?"

सांगितलं. शंभर आणि तेवीसशे पंचवीस, वेलांटीचं, श चं. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "परत लाव." तीच पत्रिका दोनदा ऐकली, आणि त्यात बाईच्या उच्चारातल्या चुका काढल्या. रात्री पुरी भाकरी खाल्ली. भाजीला मीठ कमी होतं म्हणाली. म्हणू दे! लाख वेळा म्हणू दे!

१ डिसें., सोम.

"माझ्या फाईली पण व्हतील का तशा?" असं स्वतःहून विचारलं. मी म्हटलं, "न वाचता करून देते. प्रोग्रामला वाचता येत न्हाई, त्याला नुसते नंबर दिसतात. मलाबी तेवढेच दिसतील."

"शपथ?"

"तुमच्या भावाची."

"त्याची नको, ती स्वस्त हाय. क्लासची घे."

क्लासची घेतली. क्लास माझा जीव की प्राण, तिला माहीत आहे. तिनंच लावून दिला होता तो. लग्न होऊन आले तेव्हा बारावी नापास मी, घुंगटातून वर बघायची भीती. आक्कानं दुकानात नेलं, कंप्युटरपुढं बसवलं, माझा हात धरून माऊसवर ठेवला. "हा उंदीर चावत न्हाई, धर." आईनं पोळपाट हातात दिला, आक्कानं माऊस. दोन्हीवर पोट चाललंय.

५ डिसें., शुक्र.

पहिल्या दोन गोष्टी करून दिल्या. ती अंगणात बाजेवर, कानात वायर, डोळे मिटलेले. मी आतून बघायलेय. एकदा हसली. एकदा ओठ हलायले, बाईच्या आधी तीच पुढचं वाक्य म्हणत होती. संपल्यावर बराच वेळ वायर कानातच ठेवली.

मी जवळ गेले तर म्हणाली, "बरं लिहायचे की मी."

मी रडले. लपवायची गरज नव्हती. पण तिला हुंदका ऐकू आला. "आता तू कामून रडायलीस? मला वाटलं डोळे माझे गेलेत."

१३ डिसें., शनि.

हे पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊन आले. आक्काच्या डोळ्यांसाठी नारळ फोडला. मी म्हटलं, "माझ्या प्रोग्रामसाठी पण मागायचं होतं काहीतरी." म्हणाले, "मागितलं. पन देवाला काय सांगावं ते कळंना. म्हटलं, ती जे करायलीय ते होऊ दे." असं बोलतो हा माणूस कधीकधी. खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यांना दिला.

इंजेक्शनचं अजून नाहीच म्हणायलीय. डॉक्टरांच्या माणसाचा फोन आला होता, उशीर करू नका. आक्का म्हणते, "शेवटची फाईल ऐकू दे, मग बघू." चला, "बघू" वर तर आली.

१४ डिसें., रवि.

शेवटची फाईल. सत्यानाश.

प्रोग्राम चालवला, फोनमधे टाकली, तिच्या कानात दिली. थोड्या वेळात वायर ओढून फेकली. "ही बाई म म्हणतच न्हाई! अडखळायलीय नुसती! शब्द कळंना मला, माझेच!" फोन बाजेखाली गेला. काच वाचली.

मी म्हटलं, फाईल खराब झाली असंल, जुना ड्राईव्ह आहे. बोलायला नको होतं. तोंड फिरवलं आणि पडली. "जाऊ दे. तीच एक पायजे व्हती."

तीच एक पाहिजे होती! आणि मी बाकीच्या सगळ्या नीट करून दिल्या, तीच तेवढी घालवली. संध्याकाळी जेवली नाही. मला पण घास गेला नाही.

१६ डिसें., मंगळ.

वाचणार नाही, शपथ आहे. पण नंबर बघायला शपथ आड येत नाही. फाईलीतल्या अक्षरांचे नुसते नंबर काढले आणि कोणता किती वेळा ते मोजायला लावलं. जुन्या फॉन्टात म म्हणजे इंग्रजी ई, नंबर १०१. अख्ख्या फाईलीत १०१ एकदा पण नाही!

आता मराठीत म न येता कोण गोष्ट लिहील? मी, माझं, मग, माणूस, आई गं माय... काहीच नाही? त्याच्या जागी ६९ आणि लगेच १०७, ६९ आणि १०७, पानभर तेच. अर्धा म आणि काना. म्हणजे तिनं प्रत्येक म असा जोडून केलाय. पण कशाला? सरळ एक बटण असताना?

फाईल खराब नाही. काहीतरी वेगळंच आहे. उद्या विचारते. मारू दे फोन फेकून.

१७ डिसें., बुध.

क्लासमधला जुना मोठा कीबोर्ड मागून आणला. सर म्हणाले, न्या, तसाही भंगारात जाणारे. त्यांचे पण उपकार.

तो तिच्या मांडीवर ठेवला. आधी हात मागं घेतले. मग बोटं आपोआप जागेवर गेली. म्हणजे गेलीच! कोणी दाखवलं नाही. अंगठा खाली, बाकीची वर, जशी रोज बसायची तशी. मी नंबर सांगितले. म्हटलं, "आक्का, त्या फाईलीत तुमी म सरळ कामून दाबला न्हाईत? अर्धा म आणि काना, असं प्रत्येक वेळी?"

बोटं थांबली. मग आक्का हसायला लागली. अशी हसली की खाट हलायली.

"अगं, त्या साली म मेला व्हता!"

"कोण मेला?"

"म! बटन! लग्नसराईत मेला. इचार कर ना. मंगल, मुहूर्त, मंडप, मामा, मामी, मावशी, मु. पो., कुठं म न्हाई? दिवसभर म म म. एक दिवस बटन आत गेलं ते वर आलंच न्हाई. मालक म्हणले, दिवाळीला नवीन घेऊ. दिवाळी आली, गेली. मग मी अर्धा म आन् काना जोडून म करायचे. कागदावर कोणाला काय कळतंय?"

कागदावर खरंच काही कळत नाही. नंबरात कळतं.

"आन् ल बी लंगडा झाला व्हता त्याच सुमाराला. त्याचं वेगळंच करायचे. थांब." बोटं चालवून दाखवली, आणि मी बाजूला बसून नंबर लिहून घेतले. ऑल्ट दाबून उजवीकडचे आकडे, कोणत्या अक्षराला कोणते, तेही. तिला तोंडानं सांगता येत नव्हतं. "मला न्हाई आठवत, बोटाला आठवतं," म्हणाली. मग बोटांनाच विचारत गेलो.

चुलीवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे.

२० डिसें., शनि.

मेलेल्या म ची ओळ प्रोग्राममधे घातली. लंगड्या ल ची पण. ६९ आणि १०७ जोडीनं दिसले की म. एवढंच. एवढ्यासाठी मी त्या रात्री उपाशी राहिले होते.

लाईट गेली मधेच, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, परत सगळं पहिल्यापासून. मग झालं. फोन तिच्या हातात दिला, वायर दिली.

तिनं वायर काढून माझ्या हातात परत दिली. "नको. मोठ्यानं लाव. तू पन बस. त्यालाबी बोलाव."

हे दारात उभे राहिले, हातात बैलाचा कासरा तसाच. फोनमधली बाई सुरू झाली. म ला म म्हणायली, एकदाही अडखळली नाही.

गोष्टीतली बाई गिरजा. देवगाव फाट्यावर पत्र्याची पेटी घेऊन बसलीय, सकाळपासून. तिथनं जिंतूरकडं गेलं की तिचं सासर, सेलूकडं गेलं की माहेर. सासरहून निघालीय, का ते आक्कानं सांगितलं नाही, नुसतं लिहिलंय की दंडावर पदर ओढून बसली होती. चहावाला विचारतो, बाई, कुठं जायचं? ती म्हणते, गाडी आली की सांगते. गाड्या येतात, जातात, ती उठत नाही. ऊन कलतं. मग शेवटी, "लांबून गाडी येताना दिसली. पाटी वाचता येईना. गिरजा उठली आणि"

आणि. बाई थांबली. मला वाटलं नेट गेलं.

"एवढीच हाय," आक्का म्हणाली.

हे कासरा घेऊन निघून गेले.

२१ डिसें., रवि.

ह्यांना विचारलं. आज चिमटा लावावा लागला नाही.

"मी नववीत व्हतो. कोनीतरी सांगितलं, तुझी आक्का सेलूच्या स्टँडवर बसलीय पेटी घेऊन. सायकलवर गेलो. पेटी मागं बांधली, ती चालत, मी सायकल ढकलत. वालूरपर्यंत एक शब्द बोलली न्हाई. बाबा लय चिडले व्हते, परत पाठवतो म्हणले. ती म्हणली, मी दुकानात कामाला लागते, तुमच्या भाकरीला भार व्हनार न्हाई."

एवढं सांगून पुढं म्हणाले, "तू तिला सांगू नको मी सांगितलं म्हणून."

२८ डिसें., रवि.

ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपं, गल्ली शांत. आक्का आणि मी दोघीच ओसरीत, तुरीच्या शेंगा सोलत. शेंगा तिच्या बोटांना दिसतात, माझ्यापेक्षा लवकर सोलते.

न राहवून विचारलं. "आक्का, गिरजाची गोष्ट तिथंच कामून सोडली?"

शेंगा सोलतच राहिली. मला वाटलं, गेलं, आता परत भिंतीकडं तोंड. मग म्हणाली,

"मी ज्या गाडीत बसले तीच गाडी तिला द्यावी का न्हाई, ते ठरंना. मी बसले. पन बरं केलं का वाईट, ते मलाच ठाऊक न्हवतं तवा. मूल न्हाई, घर न्हाई, भावाच्या दारात आयुष्य. कुणी वाचलं असतं आन् उद्या एखादी खरंच उठून गाडीत बसली असती तर?"

मी शेंगा खाली ठेवल्या. मला जे बोलायचं होतं ते मी इतकी वर्षं बोलले नव्हते, आणि आज नाही बोलले तर कधी बोलणार?

म्हटलं, "तुमी त्या गाडीत बसला नसता तर मला माऊस कोणी धरायला दिला असता? मी बारावी नापास, आज पोरी मला मॅडम म्हणतात. त्या पोरी उद्या आणखी कुणाला शिकवतील. तुमी त्या गाडीत बसला म्हणून. आक्का, मला तुमची गाडी पुरली. लय पुरली."

तिनं हात पुढं केला. आधी हवेत चाचपडला, मग माझं तोंड सापडलं. गाल, कपाळ, टिकली. तिनं मला बघितलं नाही ते किती दिवस झाले, ते तेव्हा लक्षात आलं.

"टिकली वाकडी हाय," म्हणाली.

४ जाने., रवि.

प्रोग्राम परत खोलून बदलला. आता फाईल द्यायची गरज नाही. आक्का त्या भंगारच्या कीबोर्डवर तिच्या जुन्या सवयीनं दाबते, आधी वेलांटी, मग च. प्रोग्राम लगेच खऱ्या मराठीचे नंबर करतो, आणि लॅपटॉपमधली बाई तिच्या कानात म्हणून दाखवते. तिला नवीन काही शिकायचं नाही. शिकायचं ते मी आणि प्रोग्रामनं शिकलं.

पहिलं वाक्य टाइप केलं: "रेखाच्या भाजीत मीठ कमी असते." छापून भिंतीला लावणार होते. हे म्हणाले, खरं आहे.

एक खोड राहिलीय. ह्या कीबोर्डवर म चांगला आहे, तरी बोट तिथं जात नाही. अर्धा म, काना. जाऊ दे, प्रोग्रामला कळतं.

१३ जाने., मंगळ. भोगी.

बाजरीची भाकरी, तीळ लावून, मिसळीची भाजी. आक्कानं दोन खाल्ल्या. जेवताना ह्यांना म्हणाली, "दत्ता, शुक्रवारी परभणीला घेऊन चल."

ह्यांचा घास हातातच. "इंजेक्शनला?"

"मग काय बाजाराला?"

जास्त बोललो तर परत नाही म्हणेल, म्हणून मी नुसती भाजी वाढली. मी मागं जाऊन तुळशीला हात जोडले. तुळशीला, नरसिंहाला, नेटवरच्या त्या माणसाला, क्लासच्या सरांना, ज्या मालकानं दिवाळीला कीबोर्ड घेतला नाही त्याला पण. सगळ्यांना एकदम.

१६ जाने., शुक्र.

परभणीला जाऊन आलो. इंजेक्शन दिलं. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण अजून वेळ गेलेली नाही. किती फरक पडेल ते आत्ताच सांगता येणार नाही. थोडं थांबावं लागेल.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "न्हाई दिसलं तरी काय. बोटं हायत."

२० जाने., मंगळ.

क्लासहून आले तर आक्काच्या खोलीतून बटणांचा आवाज. दारातून बघितलं, आक्का कीबोर्डवर, कानात वायर, लॅपटॉपवर पानभर मराठी. मी पाय न वाजवता आत गेले. शपथ जुन्या गोष्टींची होती, ही नवी. असा मनाला हिशोब समजावला.

"गिरजा उठली आणि" एवढं दिसलं. त्याच्या पुढं पण होतं काहीतरी. मी वाकले.

"रेखा."

"ओ."

"तो पडदा बंद कर. स्क्रीन."

"आक्का, मी तर नुसतं..."

"मला तो लागत न्हाई. आन् तुला बघायचं कारण न्हाई. बंद कर."

केला. लॅपटॉप पार काळा. त्यावर मला माझंच तोंड दिसायलं, आणि आक्काची बोटं चालूच, भराभरा. तिला सगळं ऐकू येत होतं, मला काहीच दिसत नव्हतं. गंमतच आहे, डोळस मी, आणि चाचपडायले मीच.

दारात बसून राहिले. शेवटी विचारलंच, "आक्का, एवढं तरी सांगा. कोणत्या गाडीत बसली?"

बोटं थांबली नाहीत. "गाडी अजून फाट्यावर उभी हाय. तू जा, भाकरी टाक."